आराखडाचोरांची वंशावळ

१८६६ साली लंडनमध्ये कापडाच्या नमुन्यांचे १८ खंड तयार झाले. वाचण्यासारखं त्यांत फारसं काही नव्हतं. पानोपानी हिंदुस्थानी कापडाचे तुकडे डकवलेले होते, एकूण ७००: पागोट्यांचे, धोतरांचे, साड्यांचे, मलमलीचे. प्रत्येक तुकड्याजवळ मूळ कापडाची लांबी, रुंदी, वजन आणि ते कुठे मिळालं त्या गावाचं नाव. हे काम ज्याच्या देखरेखीखाली झालं तो जॉन फोर्ब्ज वॉटसन मुळात डॉक्टर. मुंबई इलाख्याच्या लष्करी वैद्यकीय सेवेत तो आला, अहमदनगरच्या तोफखान्याबरोबर राहिला, मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याने शिकवलं आणि पुढे लंडनला जाऊन हिंदुस्थानातल्या मालाची नोंद ठेवणारा अधिकारी झाला. इंडिया म्युझियममधलं कापड कापून त्याने या खंडांचे २० संच केले. १३ ब्रिटनमध्ये राहिले, ७ हिंदुस्थानात आले. हेतू लपवलेला नव्हता. लँकेशायरच्या गिरणीवाल्याला हिंदुस्थानी गिऱ्हाईक काय नेसतं आणि डोक्याला काय गुंडाळतं हे घरबसल्या कळावं, आणि तसाच माल त्याने काढावा.

ज्यांच्या मागावरून ते काठ आणि ती बुटी उतरली होती त्या विणकरांना कुणी विचारलं नाही. विचारायला हवं असं कोणत्याही कायद्यात नव्हतंच. तेव्हा या उद्योगाला चोरी म्हणायचं की सरकारी कामकाज, हे ठरवणं ज्याच्या त्याच्या बाजूवर अवलंबून राहिलं. आराखड्यांच्या चोरीचा इतिहास वाचताना हा घोळ पुन्हापुन्हा समोर येतो, आणि आज थ्रीडी प्रिंटरच्या फाइलींवरून जे वाद चालतात त्यांतही तो तसाच आहे.

ब्रिटिशांनी हे आधी इटालियनांवर करून पाहिलं होतं. १७१० च्या दशकात जॉन लोंब नावाचा तरुण पीडमाँटला गेला, तिथल्या रेशीम-कारखान्यात शिरला आणि पीळ देणाऱ्या यंत्रांची चित्रं काढून परतला. १७१८ मध्ये त्याचा सावत्र भाऊ थॉमस याने त्या यंत्रांचं इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं आणि १७२१ पर्यंत डार्बीला डरवेंट नदीकाठी पाच मजली गिरणी उभी राहिली. जॉन पुढच्याच वर्षी वारला. इटलीतून आलेल्या बाईने विष घातलं अशी आवई उठली. गंमत अशी की या यंत्राची आकृती पाडुआत १६०७ साली छापलेल्या व्हित्तोरिओ झोंकाच्या पुस्तकात होती आणि ते पुस्तक ऑक्सफर्डच्या ग्रंथालयातही होतं. आकृती डोळ्यांसमोर असून शंभर वर्षांत इंग्लंडमध्ये कुणाला यंत्र बांधता आलं नाही, कारण कागदावर दात आणि चाकं होती. कोणत्या गतीला धागा तुटतो ते नव्हतं. १७३२ मध्ये थॉमसने पेटंटची मुदत वाढवून मागितली. संसदेने नकार दिला, बदल्यात १४,००० पौंड दिले आणि यंत्राची प्रतिकृती सर्वांना पाहता यावी म्हणून लंडनच्या टॉवरमध्ये ठेवायला लावली. चोरून आणलेली विद्या दहा-बारा वर्षांत राष्ट्रीय संपत्ती झाली.

पुढची पिढी अमेरिकेची. कापडगिरणीची यंत्रं परदेशी नेण्यावर ब्रिटनने बंदी घातली होती, म्हणून सॅम्युएल स्लेटरने ती डोक्यात नेली. बेलपरच्या गिरणीत उमेदवारी केलेला हा कारागीर १७८९ मध्ये शेतमजूर असल्याचं सांगून जहाजावर चढला, आणि १७९० च्या अखेरीस ऱ्होड आयलंडच्या पॉटकेटमध्ये त्याने आर्कराइट पद्धतीची सूतकताई सुरू केली.

लोंब, स्लेटर, वॉटसन या तिघांनाही एक अडचण होती. जे पळवलं ते पुन्हा घडवावं लागत होतं, आणि घडवायला हात लागत होते. चोर आणि माल यांच्यामध्ये कारागीर उभा होता. तो कारागीर बाजूला सारणारी युक्ती १९८० च्या दशकात निघाली.

थराथराने वस्तू रचण्याची ही पद्धत, म्हणजे थ्रीडी प्रिंटिंग, जिला कारखानदारीत ॲडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग म्हणतात, थोड्याच वर्षांच्या अंतराने तीन ठिकाणी सुचली होती. नागोयाच्या नगरपालिकेच्या औद्योगिक संशोधन संस्थेतल्या हिदेओ कोदामा यांनी १९८० मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. पुढची कारवाई वेळेत झाली नाही आणि अर्ज बारगळला. १६ जुलै १९८४ रोजी तिघा फ्रेंच संशोधकांनी अर्ज केला. त्यांच्या कंपनीला यात धंदा दिसला नाही आणि तो सोडून देण्यात आला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, ८ ऑगस्टला, कॅलिफोर्नियात चक हल यांनी अर्ज केला. अतिनील प्रकाशाने घट्ट होणाऱ्या रेझिनचे थर रचून त्यांनी १९८३ मध्येच डोळे धुण्याची एक लहानशी वाटी बनवली होती. मार्च १९८६ मध्ये पेटंट मिळालं, आणि त्याच वर्षी थ्रीडी सिस्टिम्स ही कंपनी निघाली.

या कंपनीच्या यंत्रासाठी १९८७ मध्ये ठरवलेला फाइलचा साचा म्हणजे एसटीएल. आजही जगभर तो वापरात आहे. त्यात वस्तूचा पृष्ठभाग त्रिकोणांत फोडलेला असतो. सुरुवातीला ८० बाइटांचं शीर्षक, मग त्रिकोणांची संख्या, मग प्रत्येक त्रिकोणाला ५० बाइट. संपलं. रंग नाही, धातू की प्लास्टिक याचा पत्ता नाही, आकडे इंचांत की मिलिमीटरांत हेसुद्धा नाही. आराखडा कुणाचा, कुणाला किती नग काढायची परवानगी, हे लिहायला वेगळी जागाच ठेवलेली नाही. ठेवणार तरी कशाला? त्या काळी ही यंत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या प्रयोगशाळांत होती आणि फाइल शेजारच्या टेबलापर्यंतच जायची. चाळीस वर्षांची डोकेदुखी त्या निश्चिंतपणातून आली, असं म्हणायला हरकत नाही.

फाइलला पाय फुटले ते दुसऱ्या पेटंटमुळे, म्हणजे ते संपल्यामुळे. स्कॉट क्रंप यांनी १९८८ मध्ये मुलीसाठी खेळण्यातला बेडूक करायला ग्लू गनमध्ये प्लास्टिक आणि मेणाचं मिश्रण भरून पाहिलं. त्यातून वितळलेल्या प्लास्टिकची तार थरांवर थर सोडणारी पद्धत आणि स्ट्रॅटसिस ही कंपनी जन्माला आली. ऑक्टोबर १९८९ मध्ये अर्ज केलेल्या त्या पेटंटची मुदत २००९ च्या ऑक्टोबरात सरली. त्याआधीच इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बॉयर यांनी २००५ पासून रेपरॅप नावाचा प्रकल्प चालवला होता: आपलेच बरेचसे भाग छापू शकणारा प्रिंटर, सगळे आराखडे सर्वांना खुले. २००८ च्या अखेरीस थिंगिव्हर्स हे आराखड्यांचं खुलं भांडार सुरू झालं, २००९ मध्ये ब्रुकलिनमध्ये घरगुती प्रिंटर बनवणारी मेकरबॉट कंपनी. लाखांतलं यंत्र हजारांत आलं. या धंद्याचा पायाच मुळी ‘घ्या आणि नक्कल करा’ या आमंत्रणावर उभा होता. मग मेकरबॉटने २०१२ मध्ये आपल्या नव्या यंत्राचे आराखडे बंद केले, आणि पुढच्या वर्षी ज्या स्ट्रॅटसिसच्या पेटंटच्या संपण्यावर ती वाढली होती त्याच कंपनीने तिला ४० कोटी डॉलरहून अधिक किमतीच्या समभागांत विकत घेतलं. खुल्या आराखड्यांवर राबलेल्या लोकांनी तेव्हा केलेली आगपाखड समजण्यासारखी होती.

कॉपीराइटचं पहिलं भांडणही विनोदी निघालं. २०११ मध्ये एका डिझायनरने ‘अशक्य त्रिकोणा’ची छापील प्रतिकृती विकायला ठेवली. कागदावर दिसतो पण वस्तू म्हणून बनूच शकत नाही असा हा दृष्टिभ्रम. तो कसा साधला हे त्याने गुपित ठेवलं. थोड्याच दिवसांत दुसऱ्याने फोटो पाहून युक्ती ओळखली आणि आपली फाइल थिंगिव्हर्सवर फुकट ठेवली. पहिल्याने नोटीस बजावली, फाइल उतरवली गेली, आरडाओरडा झाला आणि अखेरीस त्याने दावा मागे घेऊन आपला आराखडाही सर्वांना खुला केला. आता हा त्रिकोण मुळात कुणाचा? स्वीडनच्या ऑस्कर रॉयटर्सवार्ड यांनी तो १९३४ मध्ये काढला होता. १९५० च्या दशकात रॉजर पेनरोज यांनी स्वतंत्रपणे शोधून प्रसिद्ध केला आणि नाव त्यांचं लागलं.

किल्ल्यांच्या बाबतीत मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. अमेरिकेला जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या बॅगांवर लाल चौकटीच्या खुणेचं कुलूप असतं. विमानतळावरच्या तपासनीसांकडे त्याची गुरुकिल्ली असते. नोव्हेंबर २०१४ मध्ये वॉशिंग्टन पोस्टने सामान-तपासणीवर एक लेख छापला आणि त्यात या गुरुकिल्ल्यांचा जुडगा स्वच्छ उजेडात, जवळून काढलेल्या फोटोत दिसला. काही महिन्यांनी कुणाच्या तरी लक्षात आलं. सप्टेंबर २०१५ मध्ये त्या ७ किल्ल्यांचे छापण्याजोगे आराखडे इंटरनेटवर आले आणि मॉन्ट्रियलमधल्या एकाने साध्या प्लास्टिकमध्ये किल्ली छापून कुलूप उघडून दाखवलं. एका वृत्तपत्रीय फोटोने जगभरातली कुलपं निकामी केली. अमेरिकी यंत्रणेने खुलासा केला की ही कुलपं प्रवाशाच्या मनःशांतीसाठी आहेत, विमानसुरक्षेशी त्यांचा संबंध नाही. हा खुलासा कुलूप विकत घेण्याआधी मिळता तर बरं झालं असतं.

त्याच्या दोन वर्षं आधी एमआयटीच्या विद्यार्थ्यांनी श्लेज कंपनीच्या, नक्कल करणं अवघड म्हणून खपणाऱ्या किल्लीचा आराखडा जाहीर केला होता. कंपनीची सुरक्षा अशी होती की कोऱ्या किल्ल्या बाजारात कुणाला मिळत नाहीत. प्रिंटरला कोरी किल्ली लागतच नाही.

घाऊक चोरी वेगळ्याच वाटेने सुरू झाली होती. जून २०१२ मध्ये इसेट या संगणक-सुरक्षा कंपनीला ऑटोकॅड या आराखडे काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये शिरणारा एक संगणकी किडा सापडला. पेरूमध्ये त्याचा सुळसुळाट होता. अभियंता ड्रॉइंग उघडायचा आणि किडा त्याची प्रत गुपचूप चीनमधल्या ईमेल खात्यांवर पाठवायचा. दहापाच नव्हे, हजारो ड्रॉइंगं अशी गेली. पैसे मागितले नाहीत, संगणक बंद पाडला नाही. फक्त रेघा हव्या होत्या. पाठवलेले आराखडे कुणाच्या हाती पडले, कोणत्या कारखान्यात पोचले, हे चोरी उघडकीला आल्याने कळत नाही. फाइल चोरीला गेली तरी मालकाकडे ती असतेच.

फाइलला हात न लावताही आराखडा नेता येतो, हे २०१६ मध्ये दिसलं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइनमधल्या प्रयोगशाळेत मोहम्मद अल फारूक आणि त्यांचे सहकारी यंत्रांतल्या माहितीचा आणि ऊर्जेचा संबंध तपासत होते. प्रिंटरची तोटी उभी, आडवी आणि वर-खाली अशी तीन मोटरींवर फिरते. प्रत्येकीचा आवाज वेगळा, वेगानुसार पट्टी वेगळी. शेजारी ठेवलेल्या साध्या फोनवर त्यांनी तो आवाज टिपला, त्यावरून तोटी कुठे किती सरकली याचा हिशेब मांडला आणि किल्लीचा आकार सुमारे ९० टक्के अचूकतेने परत मिळवला. त्याच वर्षी बफेलो विद्यापीठाच्या संशोधकांनी आवाजाला चुंबकीय क्षेत्राच्या मोजमापाची जोड दिली. प्रिंटरपासून २० सेंटिमीटरवर ठेवलेल्या फोनने साध्या वस्तूचा आकार ९४ टक्के बरोबर सांगितला. ३० सेंटिमीटरवर ८७ आणि ४० वर ६६ टक्के. उपाय त्यांनीच सुचवला: तोटीचा वेग मुद्दाम बदलता ठेवा, आणि फोन लांब ठेवा. जॉन लोंबला कारखान्यात नोकरी धरावी लागली होती. इथे टेबलावर विसरलेला फोन पुरतो.

चोरीच्या पोटात दुसरं संकट असतं, ते इस्रायल, अमेरिका आणि सिंगापूरच्या संशोधकांनी मिळून दाखवलं. त्यांनी एका संगणकात शिरून ड्रोनच्या पंख्याची फाइल मिळवली, पात्याच्या आणि मधल्या भागाच्या सांध्यात आतून बारीक पोकळ्या ठेवल्या आणि ती फाइल परत जागेवर टाकली. छापलेला पंखा बाहेरून हुबेहूब. ड्रोन १ मिनिट ४३ सेकंद उडाला, पंखा तुटला, ड्रोन खाली. आराखडा ज्याच्या हाती लागतो त्याला तो विकायचा नसेल तर बिघडवताही येतो. आणि बिघाड वस्तूच्या पोटात असेल तर तपासनीसाच्या डोळ्यांना दिसत नाही.

इतकं सगळं जाहीर झाल्यावर निदान लष्कर सावध असेल असं वाटेल. अमेरिकी संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी जुलै २०२१ मध्ये पाच ठिकाणच्या प्रिंटरांची तपासणी करून अहवाल दिला. यंत्रांना जोडलेल्या संगणकांची सुरक्षा धड सांभाळलेली नव्हती. कारण साधं होतं: वापरणाऱ्यांच्या लेखी प्रिंटर हे हत्यार होतं, लेथ किंवा ड्रिलसारखं. त्याला संगणकाचे नियम लावायचे असतात हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. कार्यशाळेत काम करणाऱ्यांना दोष देणं सोपं आहे. पण शंभर वर्षं ज्या खोलीत धोका म्हणजे बोट कापणं होतं, तिथे अचानक धोक्याची व्याख्या बदलली होती.

अर्थात फाइल गेली म्हणजे सगळं गेलं, असं सांगणारे सुरक्षा-विक्रेते अर्धंच सांगतात. प्लास्टिकच्या किल्लीला ते लागू आहे, धातूला नाही. जीई (जनरल इलेक्ट्रिक) कंपनीच्या लीप या विमान-इंजिनातली इंधनाची तोटी पूर्वी सुमारे २० तुकडे जोडून होत असे. आता ती अलाबामातल्या ऑबर्नला एकाच तुकड्यात छापली जाते, २५ टक्के हलकी. ऑक्टोबर २०१८ पर्यंत तिथे अशा ३०,००० तोट्या निघाल्या होत्या. (लीपचे इतर काही भाग आपल्या चाकणच्या कारखान्यातही होतात.) तिची एसटीएल फाइल उद्या कुणाच्या हाती पडली तरी पावडर कोणती, लेझरची शक्ती किती, थराची जाडी, छपाईनंतरची भट्टी, हे त्रिकोणांत नसतं. झोंकाच्या पुस्तकात नव्हतं तेच इथेही नाही. फरक इतकाच की आता हे आकडेही यंत्राच्या सेटिंगमध्ये लिहिलेले असतात, म्हणून तेही नेता येतात. आणि न्यायचे असतील तर बहुधा आतला माणूस लागतो. जुलै २०१८ मध्ये जीईच्याच एका अभियंत्याने टर्बाइनच्या गोपनीय फाइली सूर्यास्ताच्या एका फोटोत दडवल्या आणि तो फोटो स्वतःला ईमेल केला. पुढे त्याला कैद झाली.

मग आराखडा राखायचा कसा? न्यूयॉर्क विद्यापीठातले निखिल गुप्ता, मूळचे भारतीय, यांनी फाइललाच पहारा करायला लावलं. कॅड आराखड्यात ते अशी वैशिष्ट्यं पेरतात की ठरलेल्या सेटिंगने आणि ठरलेल्या दिशेने छापलं तरच वस्तू निर्दोष निघते. चोराने आपल्या अंदाजाने छापलं तर आत भेग किंवा पोकळी राहते. २०१८ मध्ये त्यांच्या गटाने क्यूआर कोड बारीक तुकड्यांत फोडून वस्तूच्या अनेक थरांत विखुरला. एका विशिष्ट कोनातून स्कॅन केलं तरच तो जुळून दिसतो. नकाशे करणाऱ्यांची ही जुनी खोड. १९३० च्या दशकात न्यूयॉर्क राज्याच्या एका रस्ते-नकाशात ‘ॲग्लो’ नावाचं अस्तित्वात नसलेलं गाव घातलं होतं, नक्कल करणारा पकडला जावा म्हणून.

भारतात हा प्रश्न आता नुसता वाचायचा राहिलेला नाही. ३० मे २०२४ रोजी चेन्नईच्या अग्निकुल कंपनीने एकाच तुकड्यात छापलेल्या इंजिनावर श्रीहरिकोटाहून रॉकेट उडवलं. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये विधी आयोगाने व्यापारी गुपितं आणि आर्थिक हेरगिरीवर २८९ वा अहवाल दिला आणि स्वतंत्र कायद्याचा मसुदा जोडला. अहवाल आला तेव्हा अशी गुपितं करारांच्या आणि न्यायालयीन निकालांच्या आधारावर राखली जात होती. आकाराच्या मालकीचं गणित आणखी अवघड आहे. डिझाइन कायद्याखाली नोंदणी केली तर १० आणि वर ५ वर्षं संरक्षण मिळतं. नोंदणी करता येत असून केली नाही, तर कॉपीराइट कायद्याचं १५ वं कलम सांगतं की औद्योगिक प्रक्रियेने ५० हून अधिक नग निघताच त्या आकारावरचा कॉपीराइट संपतो. एप्रिल २०२५ मध्ये क्रायोगॅस आणि आयनॉक्स या दोन कंपन्यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाची उकल केली: अभियांत्रिकी ड्रॉइंगला कलाकृती मानायचं की डिझाइन, हे ठरवताना वस्तूचा उपयोग मुख्य आहे की तिचं रूप, हे पाहायचं.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. तेव्हा ५० नग म्हणजे डाय, प्रेस आणि पाळीवर येणारे कामगार, म्हणजे कारखानाच. भोसरीतल्या एखाद्या गाळ्यात आज ५१ वा नग रात्रीतून निघेल, तेव्हा तिथे माणूसही नसेल. आणि डिझायनरने फाइल विकली, ५१ गिऱ्हाइकांनी आपापल्या घरी एकेकच नग छापला, तर ते नग कुणाच्या खाती मोजायचे, आणि घरच्या टेबलावरच्या प्रिंटरला औद्योगिक प्रक्रिया म्हणायचं का, हा प्रश्न त्या न्यायालयापुढे नव्हता. तिथला वाद नैसर्गिक वायू वाहून नेणाऱ्या ट्रेलरच्या ड्रॉइंगांचा होता.